खारकेच्या बीसारखा खडा

माझ्या बायकोच्या पित्ताच्या पिशवीचं ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं आणि ते ज्यांनी करायचं त्या डॉक्टरांच्या गौरवग्रंथाचं प्रकाशन रविवारी. ग्रंथाचा संपादक मी. म्हणजे गुरुवारी त्यांनी माझ्या बायकोचं पोट कापायचं आणि रविवारी मी त्यांना शाल पांघरायची, असा एकंदर कार्यक्रम होता. त्यातलं काहीच ठरल्याप्रमाणे झालं नाही. जे झालं त्यात माझी हुशारी किती, असं कुणी विचारलं की मी चहा मागवतो.

मी नगरच्या एका हायस्कुलात बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. आता जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, पण एसटीचा कंडक्टर अजून 'नगर, नगर' म्हणतो आणि मीही. शिकवण्यापेक्षा माझं नाव कॉपी पकडण्यात जास्त झालं. बाही, पट्ट्याची आतली बाजू, कंपासपेटीचं झाकण, कुठूनही मी चिठ्ठी काढत असे. एकदा तर एकाच्या हाताच्या प्लास्टरमधून काढली. ती हाडाच्या डॉक्टरांची चिठ्ठी निघाली आणि हात खरोखरच मोडलेला होता, हा भाग मी सहसा सांगत नाही. निवृत्त झालो तरी संशय निवृत्त झाला नाही. दूधवाल्याच्या मापावर संशय, शेजाऱ्याच्या नमस्कारावर संशय. बायको म्हणते, "तुम्ही गणपतीच्यासुद्धा चारही बाह्या तपासाल."

फक्त एका माणसावर मी कधी संशय घेतला नाही. ते म्हणजे हे डॉक्टर.

पंचवीस वर्षांपूर्वी माझं अपेंडिक्स फुटायच्या बेतात असताना त्यांनी मला वाचवलं. तेव्हा त्यांचं हॉस्पिटल म्हणजे चार खोल्या आणि एक पत्र्याची शेड होती. ऑपरेशन झालं की काढलेला भाग ट्रेमध्ये घेऊन डॉक्टर स्वतः बाहेर येत आणि नातेवाइकांना दाखवत. आपल्याकडे ती रीतच आहे. डोळ्यांनी बघितल्याशिवाय आपला विश्वास बसत नाही, आणि बघितला की आपण ट्रेलाही हात जोडतो. माझं अपेंडिक्स बघून माझी बायको म्हणाली होती, "एवढंसंच? मग एवढं कशाला ओरडत होते?" डॉक्टर इतके हसले की ट्रे हलला.

त्यांचा जन्म शनिशिंगणापूरच्या बाजूचा. तिथे घरांना दारं नसतात हे सगळ्या जगाला माहीत आहे. डॉक्टरांनी आपल्या केबिनलाही दार बसवलं नाही, नुसता पडदा. "ज्याला लपवायचं काही नाही त्याला कडी कशाला, मास्तर?" असं ते म्हणत. त्यांच्या टेबलावर एक छोटी काचेची बाटली असे. तिच्यात तीन खडे. डॉक्टरांच्या आईच्या पित्ताच्या पिशवीतले. त्या माउलीचं हृदय नाजूक, पुण्याच्या डॉक्टरांनी हात वर केलेले. शेवटी मुलानेच ऑपरेशन केलं. एक खडा बोराएवढा, तपकिरी, त्याला खारकेच्या बीसारखी मधोमध चीर. दुसरा काळा, चपटा. तिसरा पांढुरका आणि त्याचा एक कोपरा उडालेला. का, तर घरी आल्यावर म्हातारीने तो पाट्यावर ठेवून वरवंट्याने ठोकला होता. "माझ्या पोटात दगड आला कुठून ते बघते," म्हणाली. ही गोष्ट डॉक्टर इतक्या कौतुकाने सांगत की मी बरा झाल्यावर एका स्थानिक दिवाळी अंकात तिच्यावर लेखच लिहिला. माझा छापून आलेला तो पहिला लेख. तो मी किती जणांना वाचून दाखवला हे विचारू नका. काही लोक अजून रस्ता बदलतात.

आता चार खोल्यांचे पाच मजले झाले. सरकारी योजनेत हॉस्पिटल आलं, दर ऑपरेशनमागे सरकारचे पैसे मिळू लागले, गावोगावी शिबिरं सुरू झाली, शिबिरातून गाड्या भरून पेशंट येऊ लागले. डॉक्टर पतसंस्थेत, डॉक्टर शिक्षण संस्थेत, डॉक्टर आमदारांच्या मांडीला मांडी लावून. त्यांच्या पत्नी तळमजल्यावर सोनोग्राफी बघत. त्यांना सगळे मॅडम म्हणत. मुलगाही सर्जन झाला. तो 'छोटे डॉक्टर'. अशा माणसाची साठी म्हणजे गौरवग्रंथ हवाच, आणि गौरवग्रंथाला फुकटात मिळणारा शुद्धलेखनवाला संपादक हवाच.

त्याच सुमारास बायकोच्या पोटात वरच्या बाजूला दुखायला लागलं. जळजळ, मळमळ. तिचे गुडघे आधीच धरलेले. त्यावर मी मेडिकलमधून, मला एकदा गुण आलेल्या गोळ्या आणून तिला सकाळ-संध्याकाळ देत होतो. आता हे पोट. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, तुम्ही घरचे. सोनोग्राफी करून घेऊ." मॅडमनी केली. मशीनचा पडदा आमच्याकडे पाठ करून होता आणि मॅडमही जवळजवळ तशाच. रिपोर्ट आला: खडे. तीन.

"तीनच?" बायकोने विचारलं, जणू घासाघीस करायची आहे.

"तीन पुरतात," डॉक्टर म्हणाले. गुरुवार ठरला.

इकडे ग्रंथातल्या 'रुग्णांच्या आठवणी' या विभागासाठी मजकूर यायला लागला, आणि माझ्यातला सुपरवायझर जागा झाला. तीन लेखांत तेच खडे. पारनेरकडच्या एका कांदा उत्पादकाने लिहिलं होतं, 'ट्रेमदी तीन खडे व्हते, एकाला खारकेच्या बीसारकी चीर.' कोपरगावच्या एका टेम्पोवाल्याने लिहिलं होतं, 'एक काळा चपटा, ब्रेकच्या लायनरचा तुकडा वाटावा असा.' आणि शिंगणापुरात तेल आणि रुईच्या माळा विकणाऱ्या एका मावशीच्या नातीने वहीच्या पानावर लिहिलं होतं, 'आजी म्हणते एका खड्याचं टोक तुटलेलं होतं.'

माझं पहिलं मत काय झालं असेल? ह्या तिघांनी माझ्या दिवाळी अंकातल्या लेखाची कॉपी केली. रागही आला आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. पंचवीस वर्षांनी का होईना, पारनेरपासून कोपरगावपर्यंत आपला लेख वाचला गेला. पण कॉपी ती कॉपी. मी तिघांनाही घरी बोलावून घेतलं. एकदम नाही, एकामागे एक, म्हणजे उत्तरं जुळवता येणार नाहीत.

कांदेवाले पाटील आले ते पिशवीभर कांदे घेऊनच. मी विचारलं, "हे वर्णन तुम्ही कुठून घेतलं?"

"कुठून म्हंजी? बघितलं की. दाक्तरांनी ट्रे म्होरं धरला, म्हनले बगा, ह्येच तुमचं दुखनं. मी हात जोडलं."

"माझा लेख वाचला होता का?"

"न्हाई ब्वा." मग मला वाईट वाटू नये म्हणून, "चांगला आसंल."

टेम्पोवाल्याने तर मलाच उलटं विचारलं, "तुमचा लेख कोणत्या पेपरात आलता? मी फक्त कारखान्याचं वजनाचं बिल वाचतो, मास्तर." त्याने खडे घरी न्यायला मागितले होते, लेकरांना दाखवायला. डॉक्टर म्हणाले, लॅबला पाठवायचेत.

मावशी पायरीवरच बसल्या. आत या म्हटलं तर म्हणाल्या, "हितंच बरं हाय, चप्पल दिसते."

"तुमच्या गावात दारं नाहीत आणि तुम्हाला चपलेची काळजी?"

"दार नसलं की मानूस डोळं उघडं ठिवतो, मास्तर. दार आसनारं झोपत्यात." मग त्यांनी मला खडे सांगितले. तिसऱ्याचा कोपरा उडालेला होता, तो पाहून त्यांना वाटलं होतं, आपण एवढं सोसलं, त्यात एक खडा पोटातल्या पोटात फुटला असेल.

तिघांना मी एकेक कागद देऊन खड्यांची चित्रं काढायला लावली. शाळेतली सवय. तीन कागद शेजारी शेजारी ठेवले. चित्रकला तिघांचीही नापास होण्याच्या लायकीची, पण खडे तेच. चीर तिथेच, कोपरा तोच.

इथे कोणाही शहाण्या माणसाला जे वाटलं असतं ते मला वाटलं नाही. मला संशय आला तो त्या तिघांचा. म्हटलं, कुणा दुसऱ्या हॉस्पिटलवाल्याने ह्यांना पढवलंय. समारंभाच्या तोंडावर बदनामी करायची, वगैरे. मी दोन दिवस या कटाचा तपास केला. पाटलांच्या कांद्याच्या पिशवीवर कोणाच्या हॉस्पिटलची जाहिरात आहे का तेसुद्धा पाहिलं. खतांची होती.

शेवटी सोमवारी मी सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा गाढवपणा केला. ज्याच्याबद्दल पुरावा गोळा केला होता त्यालाच मी तो हसत हसत दाखवला.

"साहेब, गंमत बघा. सगळ्यांचे खडे तुमच्या आईंच्या खड्यांसारखेच."

ते चित्रांकडे बघत राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग मनापासून हसले. "अहो मास्तर, पाणी एकच ना सगळ्यांचं. ह्या जिल्ह्यातलं बोअरचं पाणी क्षाराचं. खडे सारखेच होणार."

मला इतकं पटलं की मी ते तिथेच मनातल्या मनात प्रस्तावनेत घातलं. उठता उठता टेबलाकडे लक्ष गेलं. "बाटली दिसत नाही आईंची."

"आई गेली तेव्हा अस्थींबरोबर प्रवरासंगमाला सोडली. तिचं तिला दिलं." त्यांचे डोळे पाणावले. माझेही. ती वाक्यं मी प्रस्तावनेत त्याच रात्री घालणार होतो, पण जेवताना बायकोला पाण्याची हकिकत सांगितली आणि ती भाकरी मोडता मोडता थांबली.

"पाणी तर मीही तेच पिते," ती म्हणाली. "म्हणजे माझेही तेच निघणार?"

ती थट्टेत म्हणाली की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. मी मात्र त्या दिवशी प्रस्तावना पुढे लिहिली नाही.

मंगळवारी कुटुंबाचे फोटो आणायला मी पाचव्या मजल्यावर, त्यांच्या राहत्या घरी गेलो. दार मॅडमनी उघडलं. ह्या घराला दारं होती. चांगली जाड, आणि तीन कड्या. चहा आला, खारी आली. फोटो एका मोठ्या पाकिटात होते. सासूबाईंचा एकही नव्हता. मी विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "सर, कुटुंबाचं प्रकरण वगळता नाही का येणार?"

"गौरवग्रंथात कुटुंब नाही म्हटल्यावर लोक विचारतील."

"लोक काहीच विचारत नाहीत," त्या म्हणाल्या, आणि कप उचलून आत गेल्या. माझा अजून अर्धा चहा त्यात होता.

तेवढ्यात छोटे डॉक्टर आले. हा माझा विद्यार्थी. 'माझे बाबा' या विषयावर त्याच्याकडून मजकूर मागितला होता; त्याने एकच वाक्य पाठवलं होतं: 'पोट उघडण्याआधी माणसाशी बोलावं, असं बाबांनी मला सांगितलं होतं.' एवढ्याशा वाक्याने पान भरेना, म्हणून मी त्याच्या नावावर दोन पानं लिहिली. वटवृक्ष, दीपस्तंभ, सगळं घातलं. ती दोन पानं आता त्याच्या हातात होती.

"सर, हे मी लिहिलेलं नाही."

"थोडा विस्तार केला रे."

"कॉपी केली म्हणा." तो हसला नाही. "दहावीला तुम्ही माझ्या बुटातून चिठ्ठी काढली होती. आठवतं?"

आठवत होतं. बत्तीस वर्षांत मी एकच चिठ्ठी काढून परत बुटात घातली होती. पोराने रडून घरी कबूल केलं होतं, आणि वडिलांचा मला शाळेत फोन आला होता: मास्तर, एकुलता एक आहे, मी तुमचं पोट शिवलंय. टाके दुखतात तसे ते शब्द दुखले आणि मी तक्रारीचा कागद फाडून टाकला.

"तेव्हा सोडलं नसतं तर मी नापास झालो असतो," तो म्हणाला. "बाबांना माझ्यासाठी मेडिकलची विकतची सीट शोधत फिरावं लागलं नसतं. हे पाच मजले लागले नसते. मला ऑपरेशन जमत नाही, सर. बोर्डावर नाव माझं आणि करतात सगळी तेच. दिवसाला किती, ते तुम्ही मोजा एकदा."

आतून मॅडमनी त्याला हाक मारली, जरा जोरात. आतल्या खोलीत दोघांचं काहीतरी बोलणं झालं, मला एवढंच ऐकू आलं, "रिपोर्टवर सह्या तुझ्या आहेत, आई." माझे कान आजही बऱ्यापैकी सुपरवायझरचे आहेत.

मॅडम मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. लिफ्टचं दार सरकायला लागलं तशा हळू म्हणाल्या, "सर, काकूंना गुरुवारी सकाळी पोहे करून घाला."

"अहो, उपाशीपोटी यायला सांगितलंय."

"म्हणूनच," त्या म्हणाल्या, आणि दार मिटलं.

पाच मजले खाली येईपर्यंत मी निष्कर्ष काढला होता: आई आणि मुलगा एक झाले आहेत, समारंभात विघ्न आणायचं आहे, घरचं भांडण आहे. मी मॅडमवर संशय घेतला, मुलावर घेतला, लिफ्टमनवरही थोडा घेतला. घरी बायकोला काही बोललो नाही. बुधवारी रात्री आठनंतर तिला पाण्याचा थेंब दिला नाही, आणि तिने लोणच्याच्या बरणीकडे पाहिलं तरी मी बरणी उचलली.

गुरुवारी सकाळी बायको वॉर्डात, हिरव्या झग्यात, यादीत दुसरी. पहिली होती पाथर्डीकडची एक म्हातारी. तिचा मुलगा माझ्याशेजारी बाकावर बसला होता. माझ्या पिशवीत ग्रंथाची प्रुफं आणि ती तीन चित्रं. पाऊण तासाने थिएटरचं दार उघडलं आणि डॉक्टर ट्रे घेऊन आले. मला पाहून जरासे थांबले. पण तो मुलगा उठून उभा राहिला होता, हात जोडून. रीत मोडता येईना. त्यांनी ट्रे पुढे धरला.

"बघा. हे होतं आईच्या पोटात."

रक्ताळलेल्या कापसावर तीन खडे होते. खारकेच्या बीसारखी चीर मी सगळ्यात आधी पाहिली. मग तो काळा. मग पांढुरका, आणि त्याचा उडालेला कोपरा, जो एका म्हातारीने पंचवीसेक वर्षांपूर्वी वरवंट्याने उडवला होता.

मुलगा म्हणाला, "घरी न्यायला मिळतील का साहेब?"

"लॅबला पाठवायचेत," डॉक्टर म्हणाले आणि आत गेले.

आता मी काय करायला हवं होतं? थिएटरच्या दारात उभं राहून चारचौघांत बोलायला हवं होतं. माझ्या जागी एखादा धीट माणूस असता तर बोललाच असता. मी खाली कॅन्टीनमध्ये गेलो आणि दोन बटाटेवडे घेतले.

वॉर्डात येऊन बायकोसमोर धरले. "खा."

"अहो, ऑपरेशन आहे."

"खा म्हणतो ना."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. पस्तीस वर्षांत तिने ते तोंड खोटं बोलताना हजारदा पाहिलंय, त्यामुळे खरं बोलताना तिला लगेच कळतं. पहिला वडा चार घासांत गेला. दुसरा अर्धा असताना सिस्टर आली आणि असा काही आवाज झाला की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "मावशी, उलटी श्वासात गेली तर मरायला होईल." बायको म्हणाली, "भुकेनंसुद्धा होतं," आणि उरलेला अर्धा तोंडात टाकला.

डॉक्टर आले. सिस्टरला त्यांनी हातानेच जायला सांगितलं आणि मला खाटेपासून दूर, खिडकीशी नेलं.

"मास्तर, काय केलंत हे?"

"भूक लागली होती तिला."

"तुम्ही शिकलेले आहात."

"हो ना. तरी." मग माझी जीभ माझ्या आधी धावली. "आईंचा कोपरा उडालेला खडा अजून तसाच आहे, साहेब. प्रवरेत टाकूनसुद्धा."

ते खिडकीबाहेर बघत होते. खाली रिक्षावाले भांडत होते. तिकडे बघतच म्हणाले, "आजच्या म्हातारीला खडे होते. खरंच होते. मोहरीएवढे. लोकांना मोहरी दाखवली की चेहरा पडतो त्यांचा. एवढ्यासाठी कापलंत का, म्हणतात. त्यांना मोठं काहीतरी लागतं. एकदा दाखवले. माणूस खूश होऊन गेला."

"आणि ज्यांना मोहरीएवढेही नव्हते?"

त्यांनी खिडकीची कडी लावली.

"आणि हिला?"

त्यांनी झग्याची गाठ सोडली, परत बांधली. ज्या हातांनी मला शिवलं होतं तेच हात. "ग्रंथ छापायला गेला?" एवढंच विचारलं.

"नाही."

"पाठवू नका," ते म्हणाले आणि गेले. यादीतल्या तिसऱ्या पेशंटला आत घेतलं. तिचं कोण होतं मला माहीत नाही. तिच्यासाठी मी वडे आणले नाहीत, हे मला अजून टोचतं.

त्याच संध्याकाळी मी बायकोला दुसऱ्या एका सोनोग्राफीवाल्याकडे नेलं. पित्ताची पिशवी स्वच्छ. त्या तरुण डॉक्टरने विचारलं, "काकू, कुठल्या गोळ्या घेता?"

"गुडघ्याच्या. उपाशीपोटी, दोन वेळा."

"कोणी दिल्या?"

बायकोने बोटाने माझ्याकडे दाखवलं. गोळ्या बंद केल्या आणि पंधरा दिवसांत पोट दुखायचं थांबलं. म्हणजे या सगळ्या प्रकरणात बायकोचं पोट दुखवणारा इसम मीच. हे ती पाहुण्यांना सांगते, मला सांगावं लागत नाही.

रविवारचा समारंभ छपाईचं यंत्र बिघडलं असं मी कळवल्याने पुढे ढकलला गेला. खोटं बोललो. पण पाटलांशी मला खोटं बोलता येईना. त्यांनीच फोन केला होता: "मास्तर, माझा लेख छापला का? सोयऱ्यांना सांगून बसलोय." मी एसटीने त्यांच्या वस्तीवर गेलो. कांद्याच्या चाळीपाशी बसून सगळं सांगितलं. ते ऐकून घेत होते आणि हातातल्या कांद्याची सालं काढत होते.

"मग ते खडं कुनाचं हुतं?"

"डॉक्टरांच्या आईचे."

"आन् मी हात जोडलं त्यांना."

"बाई चांगली होती," मी म्हणालो. विनोद करायचा प्रयत्न केला. ते हसले नाहीत.

"माझ्यात हुतं का न्हवतं, ते आता कोन सांगनार?"

"कोणीच नाही, पाटील."

त्यांनी कांदा ढिगात परत टाकला. "लेख परत द्या माझा. दुसरा लिवा. तुमी लिवा, मी सांगतो."

असे डॉक्टरांच्या चौकशीसाठी तीन अर्ज झाले. टेम्पोवाल्याचा, मावशींचा, पाटलांचा. चौथा माझा. माझ्या अर्जात मी बुटातली चिठ्ठीही लिहिली. अर्जाशी तिचा संबंध काय, असं अर्ज घेणाऱ्या कारकुनाने विचारलं; मी ती खोडली नाही. छोटे डॉक्टर एका सकाळी घरी आले आणि टेबलावर ती बाटली ठेवून गेले. आत तिन्ही खडे होते. "चौकशीला आईपण येणार आहे," तो म्हणाला. "तिच्या सह्यांबद्दल ती स्वतः बोलेल." बसला नाही. दारात वळून म्हणाला, "आजीनं हा खडा का फोडला ते बाबा अजून सांगतात, सर. रोज. कोणी विचारलं नाही तरी."

जिल्ह्याच्या चौकशी समितीपुढे आम्ही सगळे एका बाकावर बसलो. डॉक्टर समोरच्या बाकावर, एकटे. दोन महिन्यांत खांदे उतरले होते. मॅडम आणि मुलगा त्यांच्या बाजूला बसले नाहीत आणि आमच्याही बसले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले. समितीच्या साहेबांनी मी दिलेली खड्यांची बाटली बाजूला सरकवून आमचे चार अर्ज वाचले. मग परत वाचले. चष्म्यावरून माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जी नजर मी बत्तीस वर्षं पोरांवर वापरली.

"मास्तर, चारही अर्जांवर अक्षर तुमचंच आहे."

"हो साहेब."

"खड्यांचं वर्णनही तंतोतंत तेच. खारकेची बी, उडालेला कोपरा. पंचवीस वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात तुमचा लेख आला होता, त्यातही हेच आहे, असं डॉक्टरांच्या वकिलांनी जोडलंय." त्यांनी तो अंक वर धरला. माझा पहिला लेख. इतक्या वर्षांनी कुणीतरी तो शोधून वाचला होता. "एकाचं बघून बाकीच्यांनी सांगितलंय, असं का समजू नये?"

हाच प्रश्न मी या तिघांना माझ्या घरात विचारला होता.

पाटील उठले. टोपी काढून बाकावर ठेवली आणि सदरा वर केला. पोटावर चार बारीक व्रण होते, एक बेंबीशी, तीन वरच्या अंगाला. मग त्यांनी टेम्पोवाल्याकडे पाहिलं. तोही उठला, त्यानेही शर्ट वर केला. तिथेच चार. मावशींनी पदर सावरून एवढंच म्हटलं, "माझं बी तसंच हाय, साहेब."

"ह्ये बी बगा," पाटील म्हणाले. "ह्ये कुनाचं बगून काढलंय, ते तेवढं त्यांनाच विचारा."

साहेबांनी दिवाळी अंक खाली ठेवला आणि डॉक्टरांकडे वळले. डॉक्टर पाटलांच्या पोटाकडे पाहत होते, जसं कारागीर आपलं जुनं काम पाहतो तसं. भिंतीशी मॅडम हलल्या. "मी सांगते," त्या म्हणाल्या, आणि पुढे आल्या.